काचेबाहेर गेलेला आवाज

कोल्हारात पंकजाताई कडूंना चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारे सगळे. रिक्षाला कर्णा बांधून गावोगाव जी जाहिरात फिरते ती त्यांच्याच आवाजात असते. मग तो साड्यांचा सेल असो, हरवलेली गाय असो, नाहीतर कुणाचा दशक्रिया विधी. नवऱ्याचा साउंडचा धंदा होता. एकदा जाहिरात बोलणारा माणूस ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा सोनईहून नुकती लग्न होऊन आलेली ही मुलगी माइकसमोर उभी राहिली आणि मग उभीच राहिली. नवरा गेला तरी दुकान चालू राहिलं ते या आवाजावर.

दुकानाच्या आतल्या खोलीला काचेचं दार, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. दार लावलं की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. कॉम्प्युटर आणि माइक आत. बाहेर ओट्यावर बाक आणि बाकाच्या वर मोठा स्पीकर. गेलेल्या माणसाची जाहिरात घरच्यांनी त्या बाकावर बसून पुरती ऐकायची, अशी तिथली रीत होती. एखाद्या जावयाचं नाव राहून गेलं तर घाटावरच भांडण जुंपायचं. त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज बहुतेक वेळ ओट्यावरच सोडलेला असे.

त्या सकाळी गावातलाच एकजण, कारभारी, आपल्या आईच्या दशक्रियेची जाहिरात ताईंच्या आवाजात भरून घ्यायला आला होता.

"बसा थोडं, कारभारीभाऊ. आतलं एक काम उरकून घेते."

"उरका की. आमी काय पळून चाललोय व्हय?" तो बाकावर टेकला.

काम म्हणजे नगरच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल होता. पावसाळ्यापासून ताईंचा घसा बसत होता. घशातला तुकडा तपासायला गेला होता, त्याचा आज निकाल. डॉक्टर फोटोही दाखवणार होते, म्हणून मोबाईलऐवजी कॉम्प्युटर. यातलं त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं, पुण्याच्या मुलालासुद्धा. घसा बिघडलेल्या बाईकडे जाहिरात कोण देईल? एकदा गिऱ्हाईक राहुरीच्या दुकानांच्या वाटेला लागलं की परत फिरत नाही.

त्यांनी दार ओढून घेतलं, कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावर डॉक्टर आले, हसले, बोलू लागले. आवाज मात्र नाही.

"डॉक्टर, ऐकू येत नाहीये."

डॉक्टर पुढे झुकले. ओठ मोठे हलू लागले. ताईंनी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, अगदी शेवटपर्यंत. वायर ओढून पाहिली, घट्ट होती. आता पडद्यावर घशाचा फोटो आला आणि डॉक्टर पेनानं एका जागी खूण करून काही सांगत राहिले. डॉक्टरांचं हसू मावळलं होतं. काय सांगतायत? काय आहे तिथं?

त्यांनी सहज मान वर केली. काचेपलीकडे कारभारी उभा होता. शेजारची चहावाली मुक्ताबाई हातात गाळणी घेऊन ओट्यावर चढली होती. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले होते. सगळे त्या स्पीकरकडे बघत होते. मग मुक्ताबाईनं काचेतून ताईंकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

ताईंनी माउस ओढला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या खुणेवर बाण नीट बसेना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा यादी उघडली. 'स्पीकर'वरून 'हेडफोन' केलं.

"...म्हणून घाबरू नका म्हणतोय," डॉक्टर कानात इतक्या जोरात बोलले की त्या दचकल्या.

"डॉक्टर, पहिल्यापासून सांगा. माझ्या कानावर काहीच आलेलं नाही."

जे बाहेर सगळ्यांना आधीच कळलं होतं, ते ताईंनी सगळ्यांच्या मागून ऐकलं. स्वरयंत्रावर कर्करोगाची गाठ. सुरुवातीचीच आहे, जिवाला धोका दिसत नाही. ऑपरेशन लवकर करायचं. आवाज पहिल्यासारखा राहील, याची खात्री देता येत नाही.

त्यांनी हेडफोन काढले, पदरानं तोंड पुसलं आणि दार उघडलं. रस्त्यावरची माणसं पांगली.

"बाई, ह्या डागदराचा आवाज तुज्यापरीस मोटा निगाला की गं," मुक्ताबाई म्हणाली. पण तिला हसू आलं नाही. "चहा आनते," असं पुटपुटत ती गेली.

कारभारी हातातल्या चिठ्ठीची घडी घालत होता. आता हा निघणार, असं ताईंना वाटलं.

"नावं सांगा," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या.

त्यानं सांगितली. ताई आत जाऊन बोलल्या. 'कैलासवासी' म्हणताना आवाज फाटला. तेवढं रेकॉर्डिंग पुसून पुन्हा बोलल्या. मग आवाज ओट्यावर सोडला. कारभारीनं मान खाली घालून ऐकलं, जावयांची नावं बोटांवर मोजली.

"ब्येस झालं." तो उठला, पुन्हा बसला. "ताई, राग न्हाई ना येनार? आईच्या वर्षश्राद्धाचं बी... आत्ताच भरून ठिवलं तर? तारीख भटजीला इचारून सांगतो. आईला तुमचा आवाज लई आवडायचा वो."

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

"वर्षश्राद्धाचं वर्षानं. तेव्हा या."

"येतो की," तो घाईनं म्हणाला आणि जाहिरातीचा पेनड्राइव्ह घेऊन उतरला.

मुक्ताबाईचा चहा आला, तसाच निवला. ताईंनी आत जाऊन दार लावलं. आवाज हेडफोनवर आहे ना, हे दोनदा तपासलं. मग घसा खाकरून माइक जवळ ओढला आणि एकेक शब्द सुटा, स्वच्छ बोलू लागल्या, पुढं कुणालाही कुठल्याही जाहिरातीत जोडता येईल असा.

"सोमवारी. मंगळवारी. बुधवारी. प्रवरेच्या घाटावर. सकाळी ठीक आठ वाजता."