गुडघ्यांवरची प्रार्थना

“मी देवाचा सवाल केला, अन् पाव्हन्यानं माये गुडघेच धरले!” मागच्या बाकावर मावशी शेजारणीला सांगत होती.

“मंग? दुखनं कमी झालं का?”

“दुखत कुठी होते वो!”

दोघी हसल्या. मी पुढच्या बाकावर होते, मान न वळवता. त्या दिवशी खरं काय झालं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — प्रार्थनेत, डोळे मिटूनही नाही.

घुग्घुसच्या आमच्या चर्चच्या मंडळीत एक परदेशी पाहुणे आले होते. दुभाषी मी. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, एरवी चार शब्द न बोलणारी — पण इंग्रजी बोलायला मिळालं की मान ताठ. अशा मुली पाहिल्यात ना तुम्ही? पाहुणे पिता, पुत्र, पवित्र आत्मा समजावत होते. देव प्रीती आहे, म्हणाले. तेवढ्यात मावशी उठली. पदरावर खाणीतल्या कोळशाची धूळ.

“जग नवतं तवा देव एकटाच असंन ना? मंग तो प्रेम कोनावर करे?”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी सांगितलं — हिचे गुडघे दुखतात, प्रार्थना करा.

प्रश्न समजला नव्हता? समजला होता. उत्तरही येत होतं. देव एकटा कधी नव्हताच. पिता पुत्रावर प्रीती करत होता, पुत्र पित्यावर, आणि ती प्रीती म्हणजेच आत्मा. ह्याच उत्तराला सिस्टरनी मला वर्गासमोर शाबासकी दिली होती. म्हणजे ते माझं झालं! ते धुळीच्या पदराने मागावं? आणि ‘ही कोण’ असं पाहुण्यांनी विचारलं तर? माझी सख्खी मावशी — हे त्यांच्यापुढे म्हणायचं? अनादी प्रीतीचं भाषांतर करता करता मी नातं लपवत होते. इतकी क्षुद्र.

तो भला माणूस खाली वाकला, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून रडवेला झाला. मावशी बावरली. पुढे तिने त्या वाकण्यालाच उत्तर मानलं. देव आपल्यापाशी वाकतो, म्हणे.

आणि आता पाळकांनी साक्ष द्यायला तिचं नाव घेतलं. ती पुढे गेली. सगळ्या मंडळीसमोर, माझ्या खोट्यावर उभी राहून, ती देवाचे आभार मानू लागली.

मी उठले.

“मावशी, पाहुण्यांनी तुला उत्तर दिलंच नाही. तुझा प्रश्न मी त्यांना सांगितलाच नव्हता. मला तुझी लाज वाटली.”