पुस्तकावर पेन चालवायचा न्हाई

उत्तरेश्वरच्या घरचा एक कायदा बायकोला, लेकीला, आल्यागेल्या पाव्हण्याला पाठ होता. पुस्तकावर पेन चालवायचा न्हाई. नाव टाकायचं न्हाई, रेघ मारायची न्हाई. "लिवणाऱ्यानं लिवलंय ना? मग आपून कावून त्यात खरडायचं?" असं म्हणायचा.

माणूस ऊसतोड्या. शाळा सातवीपर्यंत. सिरसाळ्याच्या पुढं माळावर पत्र्याच्या दोन खोल्या. दसरा-दिवाळी आली की नवरा-बायको कोयते बांधून सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. बाकीचे येताना भांडं आणतील, एखादी शेळी आणतील. हा पोतं भरून पुस्तकं आणायचा. तिकडच्या रद्दीवाल्यांना त्याची चाल लांबून कळायची. बावीस वर्षांत चारशे बारा झाली. जानकीबाई म्हणायची, "बाकीच्यांच्या बाया डोरलं मिरवतेत. मी काय ह्ये पुठ्ठे गळ्यात बांधू?"

लेक दीपमाला अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. तिनं त्याला एका वेबसाईटवर खातं काढून दिलं. तिथं लोक आपापल्या घरची पुस्तकं मांडतात, एकमेकांना दाखवतात, वाचायला मागतात. उत्तरेश्वरला हे लई भावलं. दोन उन्हाळे खपून त्यानं एकेका पुस्तकाचा फोटो चढवला, आणि पुस्तकावर जे कधी लिहिलं नव्हतं ते सगळं फोटोखाली लिहिलं. 'हे भिजलेलं मिळालं, पाचटावर वाळवलं.' 'शेवटची चार पानं नाहीत, शेवट मी मनानं लावला.' 'हे वाचत होतो त्या दिवशी आमचा बैल गेला.' साताऱ्याच्या एका बाईनं विचारलं, 'आपला संग्रह बघायला येऊ का?' गावात त्या पुस्तकांना सगळे रद्दी म्हणायचे. संग्रह हा शब्द त्यानं जानकीबाईला तीनदा वाचून दाखवला.

पण ते सगळं अभिमन्यूनंही बघितलं.

अभिमन्यू म्हणजे गावच्या पुढाऱ्याचा, विजयसिंहदादांचा माणूस. दादांच्या वडलांच्या, अर्जुनरावांच्या नावानं गावात सार्वजनिक वाचनालय होतं. म्हणजे पाटी होती. आत खताच्या गोण्या. अनुदानासाठी सरकारची तपासणी आली की शेजारच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकं टेम्पोत घालून आणायची, साहेब गेला की परत पाठवायची. त्यांची तपासणी आली की तोच टेम्पो तिकडं. यंदा मात्र सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी लागली. टेम्पो हाय, पुस्तकं न्हाईत.

अभिमन्यू माळावर आला. "काय बे उत्तऱ्या, लई वाचाळ झालास म्हणं नेटवर!"

"या की, चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ दे. दादांनी तुझी पुस्तकं मागितलीत. एका दिवसाला. सांजच्याला परत."

"एका दिवसात कोन वाचतंय?"

"वाचायला न्हाई बे, बघायला!"

जानकीबाई आतून म्हणाली, "देऊ नगा. दादाच्या घरी गेलेली कुदळसुदिक परत येत न्हाई."

पण दादांना न्हाई म्हणायची त्या गावात कुणाला सवय नव्हती. टेम्पो भरला.

तपासणीच्या दिवशी उत्तरेश्वर सकाळीच वाचनालयापाशी जाऊन बसला. गोण्या हलवल्या होत्या, फळ्यांवर पुस्तकं उभी होती. त्यानं एक उघडलं. पहिल्या पानावर जांभळा शिक्का. शेवटच्या पानावर शिक्का. मधल्या पंचविसाव्या पानावरपण शिक्का. दुसरं उघडलं, तेच.

"ह्ये काय केलं वो?"

"शिक्क्याबिगर साहेब मोजत न्हाई," अभिमन्यू म्हणाला. "गप बस, साहेब आले."

साहेबाच्या हातात नोंदवही दिली. अभिमन्यूनं वेबसाईटवरची यादी जशीच्या तशी छापून चिकटवली होती, शेऱ्यांसकट. साहेब वाचता वाचता थांबला. "पाचटावर वाळवलं? वा! हे कोणी लिहिलं?"

विजयसिंहदादांनी उत्तरेश्वरच्या खांद्यावर हात टाकला. "हा आमचा ग्रंथपाल. यादी नेटवर त्यानंच टाकलीय."

"एवढ्या मायेनं ठेवलेली यादी मी जिल्ह्यात बघितली नाही," साहेब म्हणाला. "सगळी वाचनालयाचीच ना?"

'माझी हायेत' असं उत्तरेश्वर म्हणणारच होता. पण पुस्तकं दादांच्या ताब्यात होती, अन् सांजच्याला ती परत मिळायची होती. आणि खोटं कशाला बोला, साहेबाची तारीफ त्याला गोड लागली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी ती तोंडावर केली होती.

"व्हय," तो म्हणाला. दादांनी पेन पुढं केला. ग्रंथपाल म्हणून त्यानं सही केली.

सांजच्याला गेला तर दाराला कुलूप.

"पुस्तकं द्या की."

"कुठली बे?" अभिमन्यू तंबाखू मळत म्हणाला. "शिक्का वाचनालयाचा, नोंद वाचनालयाची, सही तुझी. आता घरी नेलीस तर चोरी हुईल."

"वेबसाईटवर माझ्या नावानं हायेत ती."

"वेबसाईटवर माझा मेव्हणा वाघासंगं फोटो काढून बसलाय. घरात उंदराला भेतो."

दादांकडं गेला. दादा म्हणाले, "गावची झाली की पुस्तकं, चांगलंच झालं. तू बी वाचत जा." कुलूप कधी उघडणार ते काही त्यांनी सांगितलं नाही. महिन्याभरात गोण्या परत आत गेल्या. खिडकीच्या फटीतनं बघितलं तर खालच्या दोन फळ्या गोण्यांमागं गेल्या होत्या.

साताऱ्याच्या बाईचा निरोप आला, 'दिवाळीनंतर येऊ का?' त्यानं लिहिलं, 'संग्रह नाही.' मग खातंच बंद करून टाकलं. चारशे बारा शेऱ्यांवर पाणी सोडलं.

त्या हंगामात तो रद्दीवाल्याकडं फिरकला नाही. एका रद्दीवाल्यानंच फडावर एक पुस्तक धाडलं, नवंकोरं, पान न पान जाग्यावर. उत्तरेश्वरनं मुकादमाचा पेन मागून घेतला. पहिल्या पानावर नाव लिहिलं. मग दुसऱ्यावर. मग छापलेल्या ओळींवरनं आडवं, जाड, पानामागून पान. पंचविसाव्या पानावर तर कागद फाटेस्तोवर.

जानकीबाई मोळी बांधता बांधता बघत होती. "आता त्ये वाचता कसं येनार वो?"

"न्हाई येनार," तो म्हणाला. "पन कुनाला नेता बी न्हाई येनार."