सात रुग्णांची एक रेष

 दुष्काळाचं वर्ष होतं. शहर बीड बायपासच्याही पलीकडे पसरत होतं आणि पाण्याचा टँकर आला की आमच्या पोलीस ठाण्यातला निम्मा स्टाफ बादल्या घेऊन धावायचा.

अशाच एका सकाळी एका खासगी रुग्णालयात आकडेवारीचं काम पाहणारी बाई लॅपटॉप घेऊन आली. तिथे सांधेदुखीच्या नव्या गोळीची रुग्णांवर चाचणी चालू होती. पडद्यावर प्रत्येक रुग्णाची एक रेष होती. रेषेवरच्या ठिपक्यावर क्लिक केलं की त्या दिवसाचा रक्ताचा अहवाल उघडायचा. तिनं सात रेषा निवडल्या, बाकीच्या दिसेनाशा झाल्या. गेले दोन महिने त्या सातही एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या.

“सर, माणसं सात, रक्त एकाचंच. आणि ही पिशोरची बाई बघा. हिची रेष आधी चढत होती, म्हणजे गोळी यकृताला झेपत नव्हती. मग एकदम खाली आली. ती अजून गोळ्या घेत असेल तर?”

“मॅडम, चित्रावर गुन्हा दाखल होत नसतो. रुग्णालयाच्या सही-शिक्क्यानिशी लेखी तक्रार आणा.” आमच्या खात्याची कागदावर फार श्रद्धा, माझी जरा जास्तच.

सही-शिक्का कोण देणार? दोन दिवसांनी ती स्वतःच्याच सहीचा अर्ज घेऊन परत आली. मी वरमलो. स्टेशन डायरीत नोंद केली आणि चाचणीच्या समन्वयकाला बोलावलं.

तो “लॅबची चूक असेल” एवढंच घोकत राहिला. माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. मे महिन्याचा उकाडा आणि बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

“बाही वर घ्या.”

कोपराच्या आतल्या बाजूला सुयांच्या खुणाच खुणा. तो रडायलाच लागला. “पेशंट रक्त द्यायला यायचेच बंद झाले, साहेब. चाचणी बंद पडली असती तर नोकरी गेली असती. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम दिल्या होत्या.”

पिशोर गावात तिच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “पाणीच नाय तं काय करतील? गेली ना सगळी वाळूजकडं, बांधकामावर.”

वाळूजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात बांधकामं काय थोडी होती? आम्ही एकेक पालथं घातलं. डोक्यावर विटा घेतलेली प्रत्येक बाई मला तीच वाटायची.  प्रत्येकीला थांबवून नाव-गाव विचारत होतो.

संध्याकाळी ती एका टँकरशेजारी बसलेली सापडली. डोळे हळदीसारखे पिवळे. पोलीस पाहून घाबरली आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिनं पुढे धरलं.

“साहेब, एक बी गोळी चुकवली नाय. सकाळ-संध्याकाळ घेतेय. इचारा की कुणालाबी.”

तीन आठवडे रुग्णालयात राहून ती वाचली. बाकीचे सहाजण ठीक निघाले. समन्वयकावर गुन्हा दाखल झाला, माझं कौतुकही झालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणी घाबरून काही सांगायला आलं, की मी आधी जीप काढायला सांगायचो, कागद मागाहून. मी सही-शिक्का मागितला त्या दोन दिवसांत तिनं चार गोळ्या घेतल्या होत्या.