मागच्या खोलीतल्या पेट्या

आमचे हे कवळ्या करतात. दिवसभर लोकांचे दात घडवून, घासून घरी येतात आणि चहाचा कप हातात घेऊन मागच्या खोलीत शिरतात ते शिरतातच. त्या खोलीत कपाटाएवढ्या चार पेट्या होत्या. पूर्वी बाजारात व्हिडिओ गेमची पार्लरं असायची ना, दांडा हलवायचा आणि बटण बडवायचं, तसल्या. पार्लरं बंद पडली, पेट्या भंगारात गेल्या आणि भंगारातून उठून थेट माझ्या छाताडावर येऊन बसल्या.

कुणाचा नवरा पत्ते कुटतो, माझा पेट्या घासतो. सडलेलं प्लाय कापायचं, नवं बसवायचं, वर पॉलिश पेपर मारत बसायचं. आतला जळका बोर्ड काढून तिथे तळहाताएवढा कॉम्प्युटर घालायचा. मग मला हाक. "ये, बघ, अगदी जुन्यासारखी झाली की नाही?" कप्पाळ! मी जुनी बघितली होती कुठे? आणि खरं सांगायचं तर यांनी तरी कुठे धड बघितली होती? लहानपणी सासरे यांना पार्लरची पायरी चढू द्यायचे नाहीत. बाकीची पोरं आत खेळायची आणि हे बाहेरून काचेला नाक लावून उभे. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला अख्खी खोली लागते का?

कारण मी शिवणकाम करते, आणि तेही स्वयंपाकघरात. चहात दोरे सापडतात. एका बाईच्या नव्याकोऱ्या फ्रॉकला तेलाचा डाग पडला, ती पुन्हा फिरकली नाही. मागच्या खोलीला मोठी खिडकी, भरपूर उजेड. ती मला हवी होती. मागून मागून तोंड दुखलं. यांचं उत्तर ठरलेलं, "एवढी एक होऊ दे." ती झाली की दुसरी दारात हजर.

ताईच्या यजमानांचं, म्हणजे यांच्या साडूंचं, गाड्या धुण्याचं सेंटर आहे. गाडी धुऊन होईस्तोवर गिऱ्हाइकाने माश्या मारायच्या का, तर त्याला खेळायला या पेट्या ठेवू, असं भाऊजींच्या डोक्यात आलं. यांनी साफ नाही म्हटलं. भाऊजी कॉलेजात असताना या खेळाचे राजे होते म्हणे. ते फणकारले, "साडूभाऊ, तुम्ही पेट्या पुसणारे. खेळणारे आम्ही. माझ्यासमोर टिकून तरी दाखवा!"

यांचे कान लाल झाले. ही संधी मी सोडते होय? "होऊनच जाऊ दे," मी म्हटलं. "भाऊजी जिंकले तर चारही पेट्या त्यांच्या. हे जिंकले तर भाऊजींनी पुन्हा नाव काढायचं नाही." हे तावातावाने हो म्हणून बसले. मी मनातल्या मनात खिडकीला पडदे लावले.

रविवारी भाऊजी बाह्या सरसावून पेटीसमोर उभे राहिले. खेळ सोपा. खाली आपलं विमान, वरून किडे पडतात, डावीउजवीकडे पळून त्यांना चुकवायचं आणि गोळ्या घालायच्या. खेळ सुरू झाला आणि भाऊजींचं विमान सरळ किड्याच्या तोंडात गेलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. किडा दिसला की विमान त्याला मिठी मारायलाच धावायचं. मग हे उभे राहिले आणि धडाधड किडे पाडून मोकळे झाले.

भाऊजी स्टुलावर बसून आपल्या बोटांकडे बघायला लागले. "हात गेले हो माझे. वय झालं." ताई म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." माझे पडदे तर केव्हाच उतरले होते.

हे मात्र दांड्याकडेच बघत होते. "साडूभाऊ, हा डावीकडे ढकला बरं." भाऊजींनी ढकलला. विमान उजवीकडे गेलं.

"तुमच्या पार्लरमध्ये असंच व्हायचं ना?"

"असं कसं होईल? डावीकडे म्हणजे डावीकडे!"

यांनी पेटीचं मागचं झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, "अरेच्चा!" कवळी करणारा माणूस कायम समोरच्याच्या तोंडात बघतो. समोरच्याचा उजवा दात तो आपल्या डाव्या हाताला, ही सवय हाडीमाशी खिळलेली. तारा जोडताना यांनी पेटीलाच पेशंट धरलं होतं! चारही पेट्यांत डावी तार उजवीकडे. आणि इतकी वर्षं हे तसेच खेळत होते.

"मला वाटायचं, हा खेळच असा अवघड असतो," हे म्हणाले.

झाकण गुपचूप लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण नाही. यांनी तारा सरळ केल्या, हात पुसले आणि म्हणाले, "तुमचे हात ठणठणीत आहेत. आता परत खेळू." खोली पुन्हा माझ्या पदरात पडत होती. माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

भाऊजी खरंच राजासारखे खेळले. मग यांची पाळी आली. किडा आला की हे सवयीने दांडा उलटा ढकलायचे, आणि विमान धडक मारायला निघायचं. कुणीतरी किंचाळत होतं, "डावीकडे! अहो, डावीकडे! तुमच्या उजवीकडे म्हणजे डावीकडे!" ताईने मला कोपर मारलं. "अगं, तू नक्की कुणाच्या बाजूने?" तेव्हा कळलं की किंचाळत होते ती मीच. घसा बसला माझा. हे हरले ते हरलेच.

टेंपो आला. हे प्रत्येक पेटी फडक्याने पुसून चढवत होते. "हिला उन्हात ठेवू नका. हिचं बटण हळू दाबायला सांगा." तीन चढल्या. चौथीला हात लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही नाही जायची."

"अगं, चार ठरल्या होत्या!" भाऊजी म्हणाले.

"ही मला हवी. कापडं ठेवायला कपाट करणार आहे मी तिचं."

"कपाटच हवं तर नवंकोरं आणून देतो."

"मला हेच हवं. आणि गाड्या धुवायला तुम्हाला तीन पेट्या पुरत नाहीत का?"

ताईने भाऊजींची बाही ओढली. भाऊजींनी टेंपोचं मागचं फळकं लावून टाकलं. हे फडक्याची घडी घालत होते, कितीतरी वेळ. मग खाली बघतच म्हणाले, "फळ्या किती हव्यात?"

"तुम्हाला सुचतील तेवढ्या," मी म्हटलं.

आता मी मागच्या खोलीत शिवते. उजेड काय सुंदर येतो म्हणून सांगू! कोपऱ्यात पेटी आहे. यांनी आतलं सगळं काढून पहिली फळी बसवली, गुळगुळीत, बोट घसरेल अशी. दुसरी जरा वर घेतली, मध्ये हवा खेळायला पाहिजे म्हणून. काल त्या हवेच्या जागेत एक स्क्रीन आला.

"कपाटाला आत उजेड नको का?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "हवाच की." कापडं अजून माझ्या मांडीवरच आहेत.