शिसवी पाटावरचे डमरू

“लाकडाला काय कळतं? बघणाऱ्याचे डोळे निवले की काम झालं,” असं वीरभद्र एकदा म्हणाला होता. गौरम्माने त्याला तेव्हाच ओळखलं. पॉलिश करण्यात तिचा जन्म गेला होता. चकाकीखाली काय काय झाकतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

म्हैसूरच्या दुकानात इतरांनी केलेलं सामान विकून चाळिशीला आलेल्या वीरभद्रला आता कारागीर व्हायचं होतं. तिच्या भावाच्या, नागलिंगाचारींच्या कारखान्यात तो लाकडात लाकूड बसवायचं जडावकाम शिकायला आला. पटाशीला धार लावायचा त्याला कंटाळा. बोथट पटाशीने तो खाच उकरायचा, कडा फाटल्या की भुसा-सरस कालवून लिंपायचा, आणि वर मान तिरकी करून कौतुकाने बघायचा.

कारखान्याची एक रीत होती. आयुधपूजेला नव्या माणसाने चिरलेला पाट सांधायचा. त्यावर घरातली थोरली बाई बसायची. पाट टिकला, तर त्यावर सगळ्यांच्या हत्यारांशेजारी त्याचीही पटाशी पुजली जायची. मगच तो कारागीर. यंदा पाळी वीरभद्रची होती; कौतुक बघायला त्याने आपल्या सासऱ्यांनाही बोलावून ठेवलं होतं.

शिसवी पाटाच्या चिरेवर त्याने फणसाच्या पिवळ्या लाकडाचे दोन डमरू, म्हणजे चीर धरून ठेवणारे, कमरेत निमुळते तुकडे, आडवे बसवले होते. दिसत होते देखणे. पण डमरूच्या लाकडाच्या रेषा चिरेला आडव्या जायला हव्यात, नाहीतर ते कमरेत मोडतात, हे नागलिंगाचारींनी बजावलं असूनही याने त्या पाटाच्या रेषांना जुळवल्या होत्या. जोड शोभून दिसावा म्हणून!

गौरम्माने ते पाहिलं. पदर खोचून ती पाटाकडे आली.

“अक्का, जपून बसा हं. नवं काम आहे,” वीरभद्र म्हणाला.

“नव्यावरच बसतात रे. जुन्याची परीक्षा कोण घेतं?”

ती सगळा भार टाकून बसली. कट्‌कन आवाज झाला. दोन्ही डमरू कमरेत मोडले, पाट दुभंगला आणि गौरम्मा फरशीवर.

“अरे, याहून माझं लग्न जास्त टिकलं होतं! नवरा महिनाभर तरी थांबला!”

सासरे उपरणं तोंडावर धरून हसले. नागलिंगाचारींनी जुना पाट मांडला, त्यावर एकेक हत्यार ठेवलं. वीरभद्रची पटाशी तेवढी खालीच राहिली.

आता हा हवेला दोष देणार, सरसाला देणार, गौरम्माच्या वजनाला देणार. ती उत्तर तयार ठेवून बसली होती.

वीरभद्रने मोडका तुकडा उचलला. तुटलेल्या कमरेवरून अंगठा फिरवला. तो खाली ठेवून त्याने पायात चपला सरकवल्या आणि पटाशी तिथेच सोडून तो बाहेर पडला.