रिकाम्या खोलीची नोंद

खुर्चीत बसले की ते उजवा हात छातीशी धरायचे आणि भिंतीवरच्या अँटेनाला विचारायचे, "दिसतोय का मी?" उत्तर मी द्यायचे, दाराबाहेरून, माइकवर. "दिसताय, काका." मग ते हात मांडीवर ठेवायचे आणि अजिबात हलायचे नाहीत.

त्यांचं काम तेवढंच होतं, दिसत राहणं.

हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत पुढच्या काळातल्या मोबाइल नेटवर्कवर काम चालतं. फोनच्या लहरी माणसावर आदळून परततात. परत आलेल्या लहरी वाचल्या, तर खोलीत कोण कुठे बसलंय ते कॅमेऱ्याशिवाय कळतं. बोलणं आणि बघणं, दोन्ही एकाच लहरीवर. पहिल्या दिवशी मी हे त्यांना अर्ध्या इंग्रजीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे टॉवरला तोंड-कान होतेच, आता डोळे बसवताय. बसवा. अक्कल शेवटी बसवा."

तरुणपणी ते घरोघरी लँडलाइन जोडायचे. लोक फोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेले असत. पहिली घंटी वाजली की यांच्या हातावर पेढा. "मोबाइल आला आणि पेढे गेले," एवढंच म्हणायचे. नंतर स्वेच्छानिवृत्ती, आणि मग आमच्याकडे कंत्राटावर. दर सहा महिन्यांनी नवं पत्र. बायकोची औषधं त्या पत्रावर चालत, हे ते एकदाच बोलले होते, तेही वायर गुंडाळता गुंडाळता.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. ते मुद्दाम मराठीत अंतरं सांगायचे. "एकोणसत्तर." मी मनात इंग्रजी आकडा शोधायचे. "सत्तर माहितीये ना, मॅडम? त्याच्या एक पाऊल अलीकडे." मी हसायचे, पण बोलायचे कमी. तुमच्याही ऑफिसात माझ्यासारखं कुणीतरी असेल, सगळं बघणारं आणि वेळेवर तोंड न उघडणारं.

त्यांची एक वही होती. रोजच्या चाचण्या ते त्यात लिहीत, बारीक, तिरक्या मराठी अक्षरात. मी ती कधी वाचली नाही. मला वेळ लागायचा.

आमच्याकडे दोन नियम होते. नोंद सुरू होऊन खोलीवरचा लाल दिवा लागला की आतल्याने हलायचं नाही, हा त्यांच्यासाठी. रिकाम्या खोलीची नोंद घेण्याआधी दार उघडून आत बघायचं, हा माझ्यासाठी. यंत्र आधी रिकामी खोली पाठ करतं. त्या नोंदीपेक्षा जे वेगळं असेल, तेवढंच मग पडद्यावर ठिपका होऊन दिसतं.

मुख्य कार्यालयातले पाहुणे आले, त्या दिवशी काका सकाळपासूनच खुर्चीत बसून होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तसं सांगितलं होतं. पडदा सुरू झाला. खोली रिकामी.

"दिसतोय का मी?" स्पीकरवर आवाज आला.

कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी हात हलवला तेव्हा एक ठिपका क्षणभर लुकलुकला आणि गेला. पाहुणे सभ्यपणे हसले. सरांनी पडदा बंद केला.

"काका, जागेवर नव्हतात का तुम्ही?" पाहुणे गेल्यावर सरांनी विचारलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "सरकलो असेन, साहेब. वय झालं."

महिना संपायला चार दिवस होते. नवं पत्र आलं नाही. माणसाच्या जागी आता पुतळा ठेवायचं ठरलं. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "वाचा कधीतरी. मराठीच आहे."

पुढच्या आठवड्यात मी यंत्र सुरू केलं. खोलीत कुणीही नव्हतं. खुर्चीच्या जागी मात्र एक ठिपका, स्थिर.

मी वही उघडली. बोट ठेवून वाचत गेले. पाहुण्यांच्या आदल्या दिवशीची नोंद: 'दुपारी खुर्चीत बसून वायर तपासत होतो. अचानक लाल दिवा लागला. दोन मिनिटं हललो नाही.'

त्या दुपारी सर मागे उभे राहून घाई करत होते. मी दार उघडलं नव्हतं. यंत्राने काकांना रिकाम्या खोलीतच धरलं होतं. ते बसले की काही नाही; उठले की कुणीतरी.

मी सरांना सगळं लिहिलं. चूक माझी, काकांना परत बोलवा, असंही. उत्तर एका ओळीचं आलं: 'छान शोधलंस. नोंद पुन्हा घे.'

मग काकांना फोन केला. वाघोलीच्या एका सोसायटीत ते आता इंटरकॉम बघतात.

"काका, तुम्ही हलला नव्हतात."

"मला माहितीये की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली बघत होतात. म्हटलं, नवी नोकरी आहे पोरीची."

मला सॉरीशिवाय शब्द सापडेना. तोही मी उशिरा म्हटला. तोवर त्यांना कुणीतरी हाक मारली होती. "ठेवतो हं," ते म्हणाले.

मी दार उघडून आत पाहिलं. कोपरे पाहिले, खुर्चीमागे पाहिलं. बाहेर येऊन लाल दिवा लावला. दोन मिनिटांनी ठिपका गेला.