वरून कापू की खालून?

पडद्यावरचा माणूस खरा दिसतो आहे की नाही, हे औक्षणाच्या ताटावरून ठरवणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्या बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात बसत असे. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरची लग्नं-मुंजी डीव्हीडीवर उतरवून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना कॅसेटवाले म्हणत. कुणाचीही कॅसेट आली की ते आधी तीत एखादी गोल वस्तू शोधत. औक्षणाचं ताट सापडलं की चेहरा खुलायचा. मग खिशातली प्लॅस्टिकची फूटपट्टी काढून पडद्यावरचं ताट आडवं आणि उभं मोजायचं. दोन्ही मापं सारखी आली तरच पुढचं काम. ताट अंड्यासारखं दिसलं, तर सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून. "माणसाला काय विचारायचं? तो स्वतःला बारीकच समजतो. ताट खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. एका मुंजीत ताटच मिळेना, तेव्हा त्यांनी पंगतीतल्या जिलबीवर दोन दिवस घालवले आणि शेवटी आचाऱ्याचीच जिलबी वाकडी होती असा निकाल दिला.

त्या सुमारास घरोघरी रुंद टीव्ही आले होते. जुनं लग्न त्यावर लावलं की चित्र मधे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. लोकांना त्या पट्ट्या डोळ्यांत खुपायच्या, म्हणून रिमोट दाबून ते चित्र ताणून घेत आणि सडपातळ नवरीची गोणी करून ठेवत. कॅसेटवाल्यांना हे अजिबात सहन होत नसे. आमच्या सोसायटीचे चेअरमन ऑपरेशन होऊन घरी आले, तेव्हा हे मोसंबी घेऊन भेटायला गेले. तब्येतीची चौकशी करायच्या आत त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि त्यांनी रिमोट मागितला. "बातम्या देणाऱ्या त्या मुलीला एवढी जाड करून काय मिळतं हो आपल्याला?" असं म्हणत चित्र सरळ केलं आणि निघून आले. मोसंबी परत त्यांच्याच पिशवीत आली होती. दुकानात त्यांनी पाटी लावली होती: 'येथे माणसे ताणून अथवा कापून मिळणार नाहीत.' खाली बारीक अक्षरांत होतं: 'वाद घालण्यासाठी शेजारी गिरणी आहे.'

मी त्यांच्याशी गिरणीत न जाता वाद घातला, आणि माझ्या दुर्दैवाने जिंकलो. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून लग्नाची कॅसेट त्यांच्याकडे दिली होती. नवा टीव्ही घेतला होता, नातेवाईक यायचे होते, आणि पडदा काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे असा माझा हट्ट होता. मी रोज जाऊन बसू लागलो. आठव्या दिवशी ते कंटाळले.

"पट्ट्या घालवायच्या तर चौथा हिस्सा चित्र जाईल," ते म्हणाले. "वरून कापू की खालून? खालून कापलं तर रांगोळी आणि शालूचे काठ जातात. वरून कापलं तर मागच्या रांगेतले ते उंच गृहस्थ जातात. आपले वडील ना ते? त्यांचं डोकं राहणार नाही."

बाबा सहा फूट उंच आणि स्वभावाने लाजरे. कुठल्याही समारंभात ते शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहत.

"वरूनच कापा हो," मी म्हणालो. "रांगोळी बहिणीने रात्रभर जागून काढली होती. बाबांना काय, रोज पाहतोच आहे."

त्यांनी फूटपट्टी खिशात ठेवली आणि मला हवं तसं करून दिलं. वर आणखी एक डीव्हीडी पुढे सरकवली. "ही पट्ट्यांची. पूर्ण आहे. हीही न्या. आणि कॅसेट टाकू नका." मला ती शिकवणी वाटली. "राहू द्या आपल्याच संग्रहाला," असं म्हणून मी ती काउंटरवरच ठेवून आलो. पुढे वर्षभरात त्यांचे तीन फोन आले. "आपले वडील माझ्याकडे पडून आहेत. न्यायला कधी येता?" मी येतो येतो म्हणालो आणि गेलो नाही.

समारंभाच्या दिवशी पडदा काठोकाठ भरला. बाबा सोफ्यावर बसून पाहत होते. "अरे, माझं डोकं कुठंय?" त्यांनी विचारलं. "बाबा, डोकं सोफ्यावर आहे, बाकीचे टीव्हीत," मी म्हणालो. सगळे हसले, बाबा सर्वांत जास्त. त्याच दिवाळीच्या साफसफाईत मी कॅसेट भंगारवाल्याला दिली.

तीन वर्षांनी बाबा गेले. घरात फोटो पुष्कळ आहेत, पण कॅमेरा समोर आला की बाबा परीक्षेला बसल्यासारखे दिसत. एकातही हसलेले नाहीत. हसणारे बाबा फक्त त्या व्हिडिओत होते. मी धावत गाळ्यावर गेलो, तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. गिरणीवाला म्हणाला, "ते व्हय, लेकीकडं गेल्यात की हिंजवडीला." पत्ता काढून गेलो. अकराव्या मजल्यावर कॅसेटवाले खिडकीशी बसले होते, बरेच वाळलेले. मला पाहून म्हणाले, "रांगोळीवाले ना आपण?"

मी बाबांचं सांगितलं. ती पट्ट्यांची डीव्हीडी आहे का, विचारलं. दुकान बंद करताना त्यांनी शटरवर दोन महिने सूचना लावली होती. न नेलेल्या डीव्हीड्या उरल्या. "लोकांची लग्नं ती. भलत्याच्या हाती कशी द्यायची? मीच कात्रीने कापल्या सगळ्या," ते म्हणाले. "आपली सगळ्यांत शेवटी कापली." त्यांनी मला एखादा टोमणा मारायला हवा होता. मला फार बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "आपलं ताट मी मोजलं होतं. गोल होतं. वडील गळ्यापर्यंतच आहेत, पण जेवढे आहेत तेवढे खरे आहेत."

मला त्यांची फार आठवण येते, आणि त्यांची आली की बाबांची येते. मग मी तो व्हिडिओ लावतो. मागच्या रांगेत बाबा उपरणं सावरत उभे असतात. कुणीतरी काहीतरी बोलतं आणि त्यांचे खांदे हलू लागतात, म्हणजे ते हसत असणार. माझी नजर आपोआप टीव्हीच्या कडेवरून वर, कोऱ्या भिंतीवर जाते. खाली रांगोळी अगदी स्वच्छ दिसत असते.